काळ्या पडद्यावरची टाचणी

सुमनताई गेली, हे तिच्या यजमानांनी, दत्ताभाऊंनी, मला जिन्यातच सांगितलं. मी नुकतेच डोळ्यांत संध्याकाळचे थेंब घालून खाली उतरत होतो... ते थेंबही तिनेच लावून दिलेले.

बोरीवलीच्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर तिचा डोळ्यांचा दवाखाना. मी वरच्या मजल्यावरचा, नोकरी अंधेरीला आणि जीव तबल्यात. सन ऐंशीच्या सुमारास चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तर बाईसाहेब माझ्या वडिलांच्या चौकशीला लागल्या. गावी त्यांची नजर हळूहळू गेली होती, आम्ही म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं. ते ऐकून तिने डोळ्यांचा दाब पाहिला आणि मला भिंतीवरच्या काळ्या पडद्यासमोर बसवलं. एक डोळा झाकायचा, दुसरा मधल्या पांढऱ्या ठिपक्यावर ठेवायचा. ती काळ्या काठीच्या टोकाची पांढरी टाचणी कडेकडून आत आणणार, दिसली की सांगायचं.

तिचा हात मोठा लयदार. थोड्याच वेळात मला ठेका सापडला आणि मी बरोबर समेवर ‘दिसली’ म्हणू लागलो. आपण पास, या खुशीत होतो. तेवढ्यात ती हसली.

“अरविंदा, काठी माझ्या पाठीमागे आहे रे. कुठली टाचणी दिसली तुला?”

मी ओशाळून स्टुलावरून उठू लागलो.

“वाट लावशील डोळ्यांची! ही काय परीक्षा आहे? नाही दिसत तर नाही म्हण ना.”

मग मुद्दाम लय मोडून तिने पहिल्यापासून तपासलं. उजव्या डोळ्यासमोर, नाकाच्या बाजूला, टाचणी मध्येच नाहीशी होत होती. काचबिंदूची सुरुवात. मला तर सगळं लख्ख दिसत होतं! वडिलांचंही हेच झालं असणार, हे तेव्हा कळलं.

“गेलं ते परत नाही येणार,” ती म्हणाली, “पण उरलंय ते जाऊ द्यायचं नाही.”

तिने ते जाऊ दिलं नाही. थेंब चुकवले की सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशी हाक यायची, अधूनमधून पडद्यासमोर हजेरी असायची. नजरेतला तो आंधळा डाग वाढला नाही. आजही भजनात बसलो की बुवांपासून कडेच्या टाळवाल्यापर्यंत सगळे दिसतात. तिचे उपकार किती मानू?

परवा झाडलोट करायला दत्ताभाऊंनी दवाखाना उघडला. पडदा तसाच, काठी खिळ्याला टांगलेली. मी सवयीने स्टुलावर बसलो, डावा डोळा झाकला, ठिपक्याकडे पाहत राहिलो...

“दिसतंय ना रे सगळं?” दत्ताभाऊंनी दारातून विचारलं.

“ठिपका दिसतोय, भाऊ,” मी म्हणालो. “ती नाही दिसत.”