पटावरचा पाणक्या

बहात्तरच्या दुष्काळात भूमजवळ पाझर तलावाचं काम चालू होतं. तिथं खडी फोडता फोडता व्यंकटनं एका जादूच्या कादंबरीवरून लढाईचा खेळ बनवला. पोत्यावर कोळशानं आखलेला पट, हात धुतलेल्या पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचे बोटभर शिपाई आणि फाशांच्या जागी फोडलेले चिंचोके. माणसं भाकरी विसरून खेळायची, आता बोला!

मग त्यानं खेळात कादंबरीचा पुढचा भाग घातला. वेढा पडलेला गड, आणि तिकडं पखाल घेऊन निघालेला पाणक्या. घडवताना त्याच्याही नकळत पाणक्याला रामलिंगचं वाकडं नाक आलं. रामलिंग कामावर सगळ्यांना पाणी पाजायचा. महिन्यामागं मुरमाची दरड अंगावर येऊन तो गेला.

कादंबरीत पाणक्या मरतो, आणि कादंबरीत जे घडलं तेच पटावर, हा व्यंकटचा हट्ट. पण रामलिंगच्या नाकाच्या सोंगटीला मारायला कुणी धजेना, आणि डाव तीन दिवस तुंबला.

"आबाराव, मार की त्याला!" व्यंकट वेढ्याच्या बाजूनं खेळणाऱ्या गड्याला म्हणाला.

"तूच मार. म्या न्हाय."

व्यंकट सोंगटी मोडायला निघाला, तोच रामलिंगची बायको बनाबाई टोपली ठेवून जवळ आली.

"वैनी, चुकलं माझं. मोडतो."

तिनं सोंगटी तळहातावर घेतली. "मोडू नका, भावजी. पुस्तकात ह्यो गडावर पोचला व्हता का?"

"न्हाय. वाटंतच गेला."

"तुमच्या खेळात पोचू द्या. मग मारा."

व्यंकटनं पहिल्यांदाच कादंबरी मोडली. बनाबाईनं पाणक्या गडात नेला, घटकाभर उभा ठेवला, आणि स्वतःच्या हातानं अलगद आडवा केला. आबारावनं डोईची टोपी काढली.