सुतळीच्या मापाची गाडी

पंपांच्या कारखान्यात लेथवर काम करणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली दाजी म्हणायची, आणि त्याला कारण त्याचा मेव्हणा. बायकोचा हा धाकटा भाऊ उठता-बसता "दाजी, दाजी" करत त्याच्यामागे फिरायचा, तेव्हा दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांनी तेच उचललं. मेव्हण्याला गल्लीने नाव दिलं सुतळी. लांबच लांब, बारीक आणि कितीही ताणा, न तुटणारा. धंद्याने रंगारी. दिवसभर शिडीवर चढून लोकांच्या खिडक्या रंगवायच्या आणि संध्याकाळी दाजीच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये येऊन उपडं पडायचं, असा त्याचा दिनक्रम.

उपडं पडायचं म्हणजे अगदी खरोखर. शेडमध्ये एक मोटारसायकल तयार होत होती, आणि ती पोटावर झोपून चालवायची होती. लांबलचक, जेमतेम गुडघ्याएवढी उंच, दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच. बाजारात न्यायला निरुपयोगी, वळायला तर विचारूच नका. ती फक्त नाकासमोर जाणार होती. शहरापासून दूर एक आटलेलं सरोवर होतं. त्याचा तळ वाळून फरशीसारखा झाला होता आणि वर्षातून एकदा तिथे असल्या वेड्यांचा मेळावा भरायचा. एकेकाने एकट्याने धावायचं, वेग यंत्राने मोजायचा, आणि आपल्या गटातला जुना विक्रम मोडला तर नाव फळ्यावर लागायचं. बक्षीस म्हणाल तर टाळ्या.

"टाळ्यांसाठी एवढा खटाटोप?" ताई विचारायची. ताई म्हणजे दाजीची बायको. भावाची ताई, म्हणून गल्लीचीही ताईच.

"तुला नाही कळायचं."

"मग कळेल असं सांगा की."

दाजीला ते कधी सांगता आलं नाही. खरं तर गोष्ट साधी होती. आयुष्यभर त्याने पंपांचे दांडे कातले, आणि ते सगळे कुणाच्या ना कुणाच्या विहिरीत जाऊन बुडाले. त्याच्या हातचं एकही काम कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. एक तरी वस्तू उघड्यावर, चार लोकांसमोर धावावी, एवढंच त्या बिचाऱ्याचं मागणं होतं. आणि सुतळीला काय हवं होतं? दाजीला जे हवं ते. लहानपणी बाप गेला तेव्हापासून ह्या माणसाने त्याला सांभाळलेलं, हाताला धरून सायकल शिकवलेली. दाजी म्हणाला असता की विमान बनवू, तर हा पंख रंगवायला बसला असता.

आता त्यांच्या कामाची रीत सांगायला हवी, कारण सगळा घात तिथेच झाला. तेवढ्या वेगात इंजिनाची खरी मारामारी असते वाऱ्याशी. वाऱ्याला आडवं येणारं अंग जितकं कमी, तितकी गाडी पळणार. म्हणून दाजीने गाडी आधी बनवून वर माणूस बसवला नाही. त्याने सुतळीला फळीवर पालथा झोपवला आणि त्याच्याभोवती गाडी बनवली. शिंप्याने अंगावर कापड बेतावं, तशी. कवच बसवलं की दाजी स्वतःचा पंजा सुतळीचा खांदा आणि पत्रा यांच्यामध्ये सरकवून बघायचा. पंजा आत गेला की तोंड वाकडं करायचा. "इथे वारा भाड्याने राहील," म्हणायचा, आणि पत्रा काढून पुन्हा कापायला घ्यायचा.

गाडी हलकी हवी तसा चालकही हलका हवा, हे ओघानेच आलं. दाजीने मेव्हण्याचं रात्रीचं जेवण बंद केलं. "एक दूध घे आणि झोप. इंजिनातून ताकद काढायला मला महिना लागतो, तुझ्या पोटातून फुकट निघते." सुतळी हसला आणि तयार झाला. पहिले काही दिवस भुकेने कळवळला. मग भूक कमी झाली. मग म्हणाला, "दाजी, आता लागतच नाही हो भूक. बघितलं की नको वाटतं."

"शाब्बास रे पठ्ठ्या! सवय झाली शरीराला," दाजी म्हणाला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

पोटात दुखायचं, ते दोघांनीही उपाशीपणाच्या खात्यावर घातलं. वजन उतरत गेलं. शेडमधल्या काट्यावर सुतळी उभा राहिला की दाजी वाकून आकडा बघायचा आणि पोराचा निकाल लागल्यासारखा खूश व्हायचा. पंजा पुन्हा आत जायला लागला. पत्रा पुन्हा कापला. खांद्याशी, मग कमरेशी, मग पुन्हा खांद्याशी. धावण्यासाठी चामड्याचा अंगभर सूट लागतो, तो शिवण्याचं काम ताईकडे होतं. तिने तो टीप मारून आत घेतला, परत आत घेतला, आणि तिसऱ्यांदा दाजी तो घेऊन आला तेव्हा सुई खाली ठेवली.

"अहो, ह्याचं काहीतरी बिनसलंय. अंगावर मांस राहिलं नाही त्याच्या."

"नसूच दे ना! मांस काय चालवणार आहे गाडी?"

"डॉक्टरला दाखवा एकदा."

"मेळावा झाला की दाखवू. आत्ता कुठे रंगात आलाय तो." आणि भावाला विचारलं तर भाऊही म्हणाला, "ताई, तू ना, उगाच." दोघांनी मिळून तिला गप्प केलं. तिने दोऱ्याला गाठ मारली आणि सूट आत घेतला.

मग एका दुपारी सुतळी शिडीवरून खाली आला तो रंगाच्या डब्यापाशी बसूनच राहिला. उलटीत रक्त पडलं होतं. घरमालकाने कारखान्यात निरोप धाडला. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी दाजीला आणि ताईला समोर बसवलं. पोटात गाठ होती. ती पसरली होती, आणि आता कापाकापी करून उपयोग नव्हता.

"वजन कधीपासून उतरतंय?" डॉक्टरांनी विचारलं.

दाजीने सांगितलं. कोणत्या महिन्यात किती, पुढच्या महिन्यात किती, धडाधड सांगत गेला. जगातल्या कुठल्याही भावाने, बापाने, आईने एवढं चोख सांगितलं नसतं.

डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. "तुम्हाला सगळं माहीत होतं. मग आणलं का नाही?"

ताई उठून बाहेर गेली. व्हरांड्यात तो तिच्याजवळ पोचला तेव्हा ती एवढंच म्हणाली, "रोग त्याला आतून खात होता आणि तुम्ही बाहेरून पत्रा कापत होतात." त्यानंतर तिने त्याच्याशी बोलणं टाकलं.

गाडी मोडायची, असं दाजीने त्याच आठवड्यात ठरवलं. पाना घेऊन शेडमध्ये गेलाही. पण सुतळी भिंतीला धरत धरत मागे आला आणि दारात उभा राहिला.

"दाजी, हात लावाल तर बघा! मला एकदा धावायचंय. मरायचंच आहे, तर निदान कामाला तरी येऊ द्या हे वाळणं."

कसलं हे बोलणं! दाजी तिथेच खाली बसला आणि हमसाहमशी रडला. शेवटी ताईच तयार झाली. नवऱ्याकडे न बघता भावाला म्हणाली, "जाऊ आपण. मी येते." सूट तिने पुन्हा एकदा आत घेतला, कुणी न सांगता.

सरोवराच्या तळावर पांढरं ऊन होतं आणि वारा अजिबात नव्हता. असा दिवस मिळावा म्हणून लोक वर्षानुवर्षं वाट बघतात. तंबू लागले होते, इंजिनं खाकरत होती, आणि दाजीची गाडी ट्रेलरवरून उतरली तशी माणसं गोळा झाली. एक म्हातारा मेकॅनिक कवचावरून हात फिरवत म्हणाला, "अहो, हे बनवलंय की अंगावर ओतलंय?" आयुष्यभर ज्या वाक्याची दाजीने वाट बघितली ते हेच होतं, आणि ते ऐकून त्याने तोंड फिरवलं.

धावण्याआधी तपासणी असते. ब्रेक, टायर, पेट्रोलच्या नळ्या, सगळं पास झालं. उरली एकच परीक्षा. आग लागली तर चालकाला कुणाच्या मदतीशिवाय बाहेर पडता आलं पाहिजे. सूट, हातमोजे, हेल्मेट घालून आत झोपायचं, आणि इशारा झाला की आपल्या बळावर उठून बाहेर यायचं. धडधाकट सुतळीने शेडमध्ये हे हसत हसत केलं होतं. तळव्यांवर जोर देऊन अंग वर उचलायचं, गुडघा मागे घ्यायचा, की झालं.

तपासनीस बाईंनी हात खाली केला. सुतळीने तळवे टेकले. कोपर थरथरले, पाठ जराशी वर आली आणि परत खाली गेली. पत्रा दोन्ही बाजूंनी इतका नेमका होता की कोपर बाहेर काढून रेटा द्यायलाही जागा नव्हती. दाजीने ती सोडलीच नव्हती.

"पुन्हा करतो, बाई," हेल्मेटमधून आवाज आला.

पुन्हा केलं. दाजी नकळत पुढे झाला.

"हात लावू नका," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही हात लावलात तर मला नाही म्हणावं लागेल."

दाजीने हात मागे घेतले. समोर सुतळी धडपडत होता, हेल्मेट पत्र्यावर आपटत होतं, आणि गोळा झालेली माणसं एकेक करून दुसरीकडे बघायला लागली. ताई मात्र बघत राहिली. थोड्या वेळाने धडपड थांबली.

"दाजी," सुतळी म्हणाला, "काढा मला."

दाजीने त्याच्या काखेत हात घातले आणि उचलला. उचलायला जोर लावला होता तो सगळा फुकट गेला, इतकं ते अंग हलकं होतं. बाईंनी कागदावर काय लिहायचं ते लिहिलं आणि डोळे पुसत निघून गेल्या. शेजारच्या तंबूतला एक भला चालक म्हणाला, "मी चालवतो तुमच्यासाठी, वारा नाही तोवर." तो झोपायला गेला, तर त्याचे खांदेच आत जाईनात. त्याच्याहून बारीक एकजण आला, त्याचीही कंबर अडली. त्या अख्ख्या मैदानात ती गाडी एकाच माणसाला होत होती. तो ताईच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे मिटून पडला होता.

मेळाव्यानंतर सुतळी फार दिवस राहिला नाही. शेवटपर्यंत दाजीवर रागावला नाही, उलट "पुढच्या वेळी खांद्याशी थोडं सैल ठेवा" म्हणून सल्ले देत राहिला. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर दाजीला बरं वाटलं असतं. गाडी भंगारवाल्याने तुकडे करून नेली. दाजी पुन्हा लेथवर उभा राहून पंपांचे दांडे कातू लागला. घरी आला की ताई न बोलता ताट वाढायची आणि तो दोन घास चिवडून उठायचा.

एक दिवस तो असाच उठायला लागला तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं. त्याच्या सैल झालेल्या घड्याळाकडे आणि मग तोंडाकडे बघितलं.

"बसा," ती म्हणाली. कित्येक महिन्यांनी ती त्याच्याशी बोलत होती. "तुमची विजार मागच्या महिन्यात आत घेतली मी. उद्या डॉक्टरकडे जायचंय."

"मला काही झालं नाही गं. खायची इच्छा होत नाही, एवढंच."

"तोही हेच म्हणाला होता. तुम्ही शाब्बास म्हणालात." तिने ताट त्याच्यापुढे सरकवलं. "मी नाही म्हणणार."

दाजी खाली बसला आणि जेवू लागला. घास उतरत नव्हता, तरी तो गिळत राहिला, आणि ताट रिकामं होईपर्यंत ती समोरून हलली नाही.