वापरून बघायला बोलावलेली बाई

"त्या बाईला बोलवा ना. तिला जमलं म्हणजे कुणालाही जमेल."

मुंबईहून आलेल्या पाहुण्यांतला एक जण असं बोलला आणि सगळे हसले. त्यानं खिडकीतून बोट दाखवलं. शेजारच्या बंगल्याच्या अंगणात पाला झाडत होती ती माझी आई.

तुंगार्लीतल्या एका बंगल्यात आमचं डिझाइनचं ऑफिस. मी तिथं प्रोटोटाइप बनवायची. म्हणजे ॲप तयार व्हायच्या आधीचा नमुना. बोट लावलं की पुढचा स्क्रीन येतो, पण जिथं जोडणी केलीय तिथंच. बाकी कुठंही दाबा, काही होत नाही. त्या दिवशी सुट्टीला बंगले भाड्यानं देणाऱ्या ॲपचा नमुना, ते बनवून घेणाऱ्या या पाहुण्यांना दाखवायचा होता.

मी उठायच्या आत आमचे सर दारात गेले. "ए मावशी, इकडं ये जरा."

आई आली. चपला बाहेर काढल्या. माझ्याकडं बघितलं, ओळख दाखवली नाही. ते तिनंच ठरवलेलं. "तुज्या कामावर माजी सावली नको," म्हणायची.

पाहुण्यानं तिच्या हातात मोबाइल दिला. दुसऱ्यानं शूटिंग सुरू केलं.

"एक बंगला बुक करून दाखवा, मावशी."

आईनं बंगल्याच्या फोटोवर बोट ठेवलं. काही झालं नाही. परत ठेवलं. जोरात दाबलं.

"अहो, भाकरी थापताय का?"

हशा. आईनं बोट पदराला पुसलं. तिला वाटलं, बोट मळकं आहे म्हणून चालत नाही.

फोटोवर जोडणी नव्हतीच. तिथं देवानं दाबलं असतं तरी काही झालं नसतं.

"बंद करा ते शूटिंग. ती माजी आई हाय."

ऑफिसात इतके महिने सांभाळलेली भाषा गळून पडली. मग सर म्हणाले, "अगं, आधी सांगायचं ना! दुसऱ्या कुणाला तरी बोलावलं असतं."

तेव्हा लख्ख कळलं. हसल्याची लाज नव्हती त्यांना. माझ्यासमोर हसलो, एवढीच अडचण होती. दुसरी म्हणजे कोण? माझी चुलती. आमच्या वस्तीवरची कुणीही.

"ती क्लिप पुसा," मी म्हणाले. त्या माणसानं मोबाइल खिशात घातला. "रिलॅक्स."

मी आईचा हात धरून बाहेर पडले.

आमच्या कुरवंड्याचा चढ लागला. मग आई म्हणाली, "कुनी सांगितलं व्हतं तुला बोलाया? आता दोगींचं बी गेलं."

खरंच गेलं. दुसऱ्या दिवशी तिला शेजारच्या बंगल्याच्या फाटकातूनच परत पाठवलं; सरांनीच तिथं सांगितलं असणार. मला सरांचा मेसेज आला: पाहुण्यांना सॉरी म्हण, परत ये.

"जा," आई म्हणाली. "सॉरी म्हन. आपल्याला काय हाय त्याचं?"

मी गेले नाही. पुण्यात अर्ज टाकले, उत्तर नाही. आई अजून माझ्याशी धड बोलत नाही. ती क्लिप कुणाकुणाच्या मोबाइलवर फिरत असेल, माहीत नाही. हे बदलेल असं वाटत नाही मला.

पण सॉरी म्हणणार नाही. जिथं काम मिळेल तिथं पहिल्याच दिवशी सांगेन, मी कुरवंड्याच्या ठाकरवस्तीतली, माझी आई बंगले झाडते. आणि माझ्यासमोर कुठल्याही बाईला हसण्यासाठी उभं केलं, तर मी काम टाकून उठेन. ती कुणाची आई आहे हे विचारणार नाही.