झाकणावर बसलेली निंबेव्वा

निंबेव्वा बडिगेरला मी तीस वर्षं ओळखतो. तिची मुलगी माझ्या वर्गात होती. धारवाडच्या अलीकडे आमची गल्ली. तिथे ती जोंधळ्याच्या कडक भाकऱ्या करून विकते, दिवसाला दोनशे. मोजकं बोलते. नळाचं बिल तिनं एकोणीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं.

गेल्या वर्षापासून गल्लीत बिलंच येईनात. मग एका सोमवारी तिच्या दारावर कागद चिकटला : थकबाकी न भरल्यास पुढच्या सोमवारी नळ तोडण्यात येईल. खाली सही होती, ऑफिसचं नाव नव्हतं.

नळ गेला तर भाकऱ्या गेल्या. ती पैसे पदरात बांधून पुरसभेत, म्हणजे नगरपालिकेत गेली. कारकून म्हणाला, "अव्वा, पाणी आता पाणीपुरवठा मंडळाकडे दिलंय. तिकडे भर." मंडळाच्या खिडकीतली मुलगी म्हणाली, "तुमची गल्ली आमच्या यादीत नाही. पुरसभेत विचारा." असं चार दिवस चाललं. शुक्रवारी ती माझ्या कट्ट्यावर येऊन बसली. तिचा चढलेला आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"तोडायला यांना माझं घर बरोबर सापडतं, मास्तर! पैसे घ्यायला सापडत नाही!"

"मी अर्ज लिहून देतो."

"कागद चाटत बसतील नुसते," म्हणाली आणि उठून गेली.

शनिवारी आठवड्याचं पाणी. गल्लीच्या तोंडाशी वॉल्व्हचा खड्डा आहे. वॉल्व्हमन फकीरप्पा लांब दांड्याची चावी घेऊन आला, तर खड्ड्याच्या लोखंडी झाकणावर निंबेव्वा मांडी घालून बसलेली.

"ऊठ की अव्वा, पाणी सोडायचंय."

"तुला पगार कोण देतं?"

"कंत्राटदार."

"त्याला?"

"ते मला सांगतात होय?"

"मग विचारून ये. ज्याचं पाणी असेल त्यानं मला उठवावं."

फकीरप्पा फोन लावत बाजूला गेला. घागरी घेऊन गल्ली गोळा झाली. शेजारची रत्नव्वा ओरडली, "अगं, उद्या माझ्या सुनेची ओटी भरायचीय! पन्नास पानं उठतील! त्यांना काय तुझं तोंड धुतलेलं पाणी देऊ?"

"सोमवारी माझा नळ तोडायला आले तर आडवी येणार होतीस का गं?"

रत्नव्वानं कमरेवरची घागर खाली ठेवली. दोन बादल्या घेऊन मीही उभा होतो. तिच्या बाजूनं बोलायचं सोडून, पाण्याची वेळ संपेल म्हणून मी घड्याळ बघत होतो.

पाऊण तासात जीप आली. त्यातून साहेब उतरले, मानेला टॉवेल, घामाघूम. "ए बाई, ऊठ! ही मंडळाची मालमत्ता आहे. पोलिसात देईन!"

"परत म्हणा, साहेब. कोणाची?"

"मंडळाची!"

"झाकण मंडळाचं, पाणी मंडळाचं, आणि मी मंडळाची नाही? नळ तोडायला येणारा तरी कुणाचा?"

साहेबांनी ऑफिसला फोन लावला. दोनदा "काय?" म्हणाले. हद्द बदलताना सगळी गल्लीच यादीतून गळली होती, अठ्ठावीस घरं. तोडायचं काम मात्र जुन्या वहीवरून कंत्राटदाराला दिलेलं होतं. आज निंबेव्वा, मग रत्नव्वा, मग मी.

"सोमवारी खिडकीवर ये, बघू," साहेब म्हणाले.

"सोमवारी तुमचा माणूस पाना घेऊन येणार. आत्ता घ्या."

"बरं, बरं. पण उशिराचा दंड पडेल."

"दंड?" तिनं झाकणावर हात आपटला. "चार दिवस चूल बंद ठेवून तुमच्या दारात उभी राहिले, त्याचा दंड तुम्ही किती देताय?"

साहेबांनी तिच्या पदरातले पैसे मोजून घेतले आणि जीपच्या बॉनेटवर कागद ठेवला. पैसे मिळाले, दंड नाही, नळ तोडू नये, असं लिहिलं. तिनं हुद्दा लिहायला लावला, ऑफिसचं नाव लिहायला लावलं.

"आता मोठ्यानं वाचा."

"तुला वाचता येत नाही का?"

"येतं. गल्लीला ऐकू दे."

साहेबांनी वाचलं. 'नळ तोडू नये' ते पुटपुटले, तेव्हा तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग कागद कमरेला खोचून, गुडघ्यावर हात टेकून ती झाकणावरून उठली.