सांदीतला दिवा

रोज पहाटे, गुरं सोडण्याआधी, धोंडाबाई गोठ्यातल्या दोन मेढींच्या मधून आडवी होऊन जायची. एका मेढीला तिने बांबूचा तुकडा सुंभाने आवळून बांधला होता, त्यामुळे तिथली वाट अगदी अरुंद झाली होती. आधी डावा खांदा, मग छाती, मग श्वास रोखून पोट आणि कंबर. कधी बांबू नुसता करकरायचा, कधी ती मध्येच अडायची आणि गेली तशी मागे सरायची. म्हैस रवंथ थांबवून बघत राहायची. मग पदर सारखा करून धोंडाबाई दावी सोडायला लागायची. कुणी विचारलंच तर गोठा झाडत होते म्हणायची.

ती वाट तिने मापून अरुंद केली होती. माप कडजाईच्या सांदीचं होतं.

वेल्ह्याहून तोरण्याच्या अंगाने वर चढत गेलं की कडेवाडी लागायची. मोजकी घरं, नाचणी-वरईची उतरती वावरं, आणि वाडीच्या डोक्यावर काळा कडा. कड्याला वरपासून खालपर्यंत एक चीर गेलेली. तिला सगळे सांद म्हणत. सांदीतून आडवं होऊन आत शिरलं की एक माणूस बसेल एवढी जागा, आणि तिथे शेंदराने माखलेला ओबडधोबड दगड. तीच कडजाई. घटस्थापनेच्या सकाळी थोरल्या घरातल्या थोरल्या सुनेने दिवा घेऊन आत जायचं, तो देवीपुढे लावायचा आणि बाहेर यायचं, असा रिवाज होता. तोवर वाडीत कुणाच्याही घरी घट बसत नसे.

हा मान होता, पण त्या मानाची धोंडाबाईला आता भीती वाटू लागली होती. सांद पाप्याला धरते असं वाडीत मानत. कधी काळी एका सुनेला सांदीने धरलं, आणि पुढे तिच्या लेकींना कुणी सून करून घेतलं नाही, असं म्हाताऱ्या सांगत. त्या सुनेचं नाव मात्र कुणालाच माहीत नव्हतं.

ही गोष्ट एकोणीसशे छत्तीस सालची. लग्न होऊन आली तेव्हा धोंडाबाई अशी होती की दिवा न विझवता, भिंतीला अंग न लागता आत-बाहेर करायची. मग मुलीच्या पाठीवर उशिराचं एक मूल झालं. डिंक, खोबरं, तूप असं बाळंतिणीचं खाणं चालू असतानाच पावसाळ्यातल्या तापाने मूल गेलं. खाणं मात्र चालू राहिलं. ती घराबाहेर पडेनाशी झाली. लोणी कढवून झालं की भांड्याच्या बुडाशी राहिलेली बेरी गुळात कालवून ती चुलीपुढे एकटीच बसून खायची. तेवढा वेळ तिला बरं वाटायचं.

आणि गेल्या नवरात्रात, दिवा लावून बाहेर येताना, सांदीने तिला कमरेशी धरलं. बाहेर हलगी वाजत होती, माणसं जरा लांब उभी होती. तोंडाशी फक्त धाकटी जाऊ रतनबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. तिने ताट खाली ठेवलं, धोंडाबाईचा हात धरला आणि ओढलं. दोन बांगड्या फुटून आत पडल्या, कमरेचं सालपट निघालं, पण ती सुटली. रतनबाई एवढंच म्हणाली, “पदर नीट करा, जाऊबाई.”

त्या वाक्यात काय होतं याचा विचार धोंडाबाई वर्षभर करत राहिली. रतनबाई काडीसारखी बारीक होती. थोरलीला सांदीने धरलं असं तिने एकदा बोलून दाखवलं असतं, तर मान तिच्या घरात गेला असता. मान गेला तर जावो. पण माघात धोंडाबाईच्या मुलीची, फुलाची, सुपारी फुटली होती. भोरजवळच्या आंबवड्याचे मानसिंग, त्यांचा मुलगा कुंडलिक. लग्न दिवाळीनंतर धरलं होतं, आणि नवरात्रात दिव्याला येतो असा पाव्हण्यांचा निरोप आला होता.

होळी झाली आणि धोंडाबाईने उपास धरले. शेजारच्या सखूबाईने सांगितलं होतं, पोटाला मारलं की अंग उतरतं आणि देवी पण पावते. सोमवार होता, त्यात मंगळवार आणि शुक्रवार आले, एकादशी आली, चतुर्थी आली. त्या दिवशी भाकरीला ती हात लावत नसे. उकडलेली रताळी खायची, भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, वरईच्या भातावर तूप, वर दूध. उपासाचं म्हणून पोटभर, आणि देवीचं म्हणून मनापासून. ज्येष्ठ लागला तेव्हा गोठ्यातला बांबू करकरायचा थांबला होता, कारण ती तिथवर पोचतच नव्हती. छातीशीच अडत होती. आपलंच काही चुकलं, देवी नाराज आहे, असं वाटून तिने शनिवारही धरला.

वेल्ह्याच्या बाजारात आनंदराव वैद्य एका ओट्यावर पुड्या मांडून बसत. तूप विकायला गेलेली धोंडाबाई तिथे घुटमळली, पुढे गेली, परत आली.

“काय होतंय बाई?”

“काय न्हाई. अंग वाढतंय.”

“खाता काय?”

“काय बी न्हाई. उपास करते.”

“उपासाला काय घेता?”

तिने सांगितलं. सांगताना थोडा अभिमानही होता. वैद्य पुडी बांधायचे थांबले.

“एवढं आमच्याकडं लग्नात वाढत नाहीत,” ते म्हणाले. “बंद करा उपास.”

“देवीच्या नावाचं हाय. सोडू कसं?”

“तिला सांगा, आनंदराव वैद्यानं सोडवलं. जे काय पाप लागायचं ते माझ्या नावावर.”

मग त्यांनी सांगितलं ते तिने घरी येईपर्यंत घोकलं. दोन वेळा एकेक नाचणीची भाकरी. कुळथाचं कढण, रानभाजी, लोणी काढलेलं ताक. तूप, गूळ, शेंगदाणे दृष्टीआड. आणि बसायचं नाही. “चढ हाय न्हवं तुमच्याकडं? मग औषध कशाला इकत घेता?” असं म्हणून त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

पहिल्या मंगळवारी भाकरी खायची वेळ आली. कडजाई आपल्याकडे बघते आहे असं वाटून तिने तोंड भिंतीकडे केलं.

दुसऱ्या दिवसापासून गुरं वरच्या पठारावर न्यायचं काम तिने नवऱ्याकडून मागून घेतलं. गेनबाला काही कळेना.

“म्हंजी माजं काम तू करनार. मग म्या काय करू?”

“भाकऱ्या थापा.”

“त्या गुरांनी खाल्ल्या तर बरं,” गेनबा म्हणाला, पण काठी त्याने दिली.

पाऊस सुरू झाला. डोक्यावर इरलं घेऊन, गुडघ्यावर हात टेकत ती चढायची. आधी अर्ध्या चढावरच्या आंब्याखाली बसावं लागे. गुरं पुढे निघून जात आणि ती धुक्यात घंटांच्या आवाजाकडे बघत राही. छाती फुटेल असं वाटे, आणि तिथेच पडले तर फुलाचं काय, असंही वाटे. मग ती उठे. श्रावणात आंबा मागे पडला. भूक रात्रीची यायची. चूल विझलेली असायची आणि शिंक्यावर तुपाचं गाडगं लटकत असायचं. ती फुलाच्या शेजारी जाऊन निजायची, मुलीच्या पाठीवर हात ठेवून. एकदा मात्र ती उठली, गाडगं खाली काढलं, बोट बुडवलं, चाटलं, आणि मग सकाळपर्यंत अंधारात बसून राहिली. एका बोटाने काय होणार, हे तिला कळत होतं. तरी भीती गेली नाही.

भाद्रपदात एका पहाटे बांबू करकरला आणि ती पलीकडे गेली. तिला रडू आलं. पण तोवर दुसरंच काही सुरू झालं होतं.

गाल बसले होते, गळ्यातली पोत सैल झाली होती. पाणवठ्यावर बाया तिच्याकडे बघून गप्प होऊ लागल्या. गेनबा बाजारातून आला तो टोपी न काढताच ओट्यावर बसला.

“आंबवड्याला कुनीतरी सांगितलंय, तुला खय झालाय.”

“काय?”

“खोकल्याचा रोग. आईला हाय तर लेकीला बी आसंल, म्हनत्यात. विहीणबाई सोता येनार हायेत, दिव्याच्या आधी. बघाया.”

धोंडाबाई जाड राहिली असती तर सांदीने धरलं असतं. बारीक झाली तर रोगाने धरली म्हणतात. त्या रात्री तिने पहिल्यांदा भाकरीचा तुकडा पानात तसाच ठेवला. भूकच नव्हती.

कुणी सांगितलं हे कळलं नाही. तिच्या मनात रतनबाईच होती. दुसऱ्या दिवशी रतनबाई परड्यातून भाजी घेऊन आली तेव्हा ती तिच्याकडे न बघताच म्हणाली, “ठीव तिथं.” रतनबाईने भाजी ठेवली. जाताना म्हणाली, “खोकू नका म्हंजी झालं, जाऊबाई. पाव्हनी आली की आल्याचा तुकडा दाढंखाली धरा.” ही मदत होती की टोमणा, तेही धोंडाबाईला ठरवता आलं नाही. आलं मात्र तिने पदराला बांधून ठेवलं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विहीण सोजराबाई आली. चांगली अंगापिंडाने भरलेली, चढून आल्याने घामाघूम. ती धोंडाबाईशी गोड बोलली आणि सारखी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. रात्री तिने अंथरूण तिच्या शेजारीच टाकून घेतलं. धोंडाबाई रात्रभर आलं चघळत जागी पडली होती. घशात काही नव्हतं, पण खोकला येईल या भीतीनेच घसा खवखवत होता.

सकाळी कड्यापाशी सगळी वाडी जमली. धूप जळत होता. सोजराबाई पुढे येऊन अगदी सांदीच्या तोंडाशी, रतनबाईच्या बाजूला उभी राहिली. धोंडाबाईने दिव्यावर हात धरला आणि डावा खांदा आत घातला. दगड थंड होता. छाती घासली. मध्यावर, जिथे गेल्या साली धरलं होतं, तिथे तिची कंबर दोन्ही बाजूंना टेकली आणि ती थांबली. बाहेरची हलगी थांबल्यासारखी वाटली. तिने श्वास सोडला, सोडत गेली, आणि दुसरा न घेताच पाऊल टाकलं. ती आत होती.

दिवा लावला. धूर आत कोंडला होता, वर लोंबकळणाऱ्या पाकोळ्यांचा वास होता, खोकला अगदी ओठाशी आला. तो गिळत ती खाली वाकली, तेव्हा तिला दिव्याच्या उजेडात जमिनीवर काही चमकताना दिसलं. तिच्या बांगड्यांचे हिरवे तुकडे. त्यांच्या आजूबाजूला आणखी कितीतरी. काळे, निळे, आता कुणी भरत नाही असे जाड काचेचे, मातीत अर्धे रुतलेले. तिने एक जाड तुकडा उचलून पाहिला. सासूच्या हातात असल्या बांगड्या तिने पाहिल्या होत्या. सासूने कधी काही सांगितलं नव्हतं. कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.

“जाऊबाई, आत निजला का काय?” रतनबाईने बाहेरून हाक मारली.

तुकडा जिथे होता तिथे ठेवून ती निघाली. बाहेर उजेडात आली तेव्हा तिला सगळं पांढरं दिसत होतं. रतनबाईने गेल्या वर्षीसारखाच हात पुढे केला होता, पण धरायची वेळ आली नाही. सोजराबाई अजून बघत होती. धोंडाबाईने मोठा श्वास घेतला. खोकला आला नाही.

माणसं पांगली तशी सोजराबाईने तिला बाजूच्या झाडाच्या आडोशाला ओढलं.

“खरं सांगा, विहीणबाई. रोग न्हाई न्हवं?”

“न्हाई.”

“मग ह्ये कशानं?”

धोंडाबाईने सगळं सांगितलं. उपासाचं, वैद्याचं, गुरांचं. मेढींचं सांगितलं नाही. सोजराबाई ऐकत राहिली. मग आपल्या दंडाकडे बघत हळूच म्हणाली, “कुळीथ वाळलेलं का ताजं? आमच्या घरात मला जिना चढवंना. आन् मालकांस्नी सांगू नका म्या इचारलं म्हनून.”

फुलाचं लग्न ठरल्या तिथीला झालं. धोंडाबाईने गुरं परत गेनबाकडे दिली नाहीत. सांदीत ती पुढेही दरवर्षी गेली, आणि दरवर्षी भाद्रपद लागला की तिची झोप उडायची. मुलगी संसाराला लागली, नातू झाला, तरी उडायची. रतनबाईने ओढून काढल्याचं बोलून दाखवलं नाही, आणि धोंडाबाईने विचारलं नाही. रतनबाईच्या घरून काही आलं की मात्र आता ती तिच्या तोंडाकडे बघत हातात घ्यायची.

सात वर्षांनी, दुसऱ्या खेपेला दिवस गेलेल्या फुलाला आणायला ती आणि गेनबा बैलगाडी घेऊन आंबवड्याला गेले. परत आल्यावर संध्याकाळी धोंडाबाईच्या छातीत कळ आली आणि ती गेली. घरी पोचल्यापासून ती फारशी बोलली नव्हती. फुलाला आठवायचं ते वाटेतलं बोलणं. वेल्ह्याच्या पुढे चढ लागला तशी आई गाडीतून उतरली होती. फुलाही उतरायला लागली, तेव्हा तिने हाताने थोपवलं.

“तू बस. बैलांस्नी चढ जड जातोय, म्या चालते. आन् ते घोंगडं वर घे, चाकात जाईल.”