रंगाच्या खोलीतला खंडेनवमीचा दिवा

चिखलीच्या बाहेर आमचे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवण्याचे वर्कशॉप आहे. सासऱ्यांनी ते उभारले, यजमान ते चालवतात, आणि मुले शिक्षणासाठी बाहेर पडल्यावर, पंचेचाळिशी ओलांडल्यानंतर, मीही त्यात कामाला लागले. एम. ए. झालेल्या बाईने ऑफिसात बसावे असे घरात सर्वांचे मत होते. परंतु ऑफिसात गिऱ्हाइकांशी बोलावे लागते, आणि अनोळखी माणसापुढे माझा आवाज घशातच राहतो. म्हणून रंग फवारण्याच्या गन धुण्याचे काम मी मागून घेतले. ते काम करताना कोणाशी बोलावे लागत नाही.

काम शिकवले आमच्या पेंटरने. तो मला वहिनी म्हणतो, मी त्याला भाऊ. पहिल्याच दिवशी मी कॉम्प्रेसर बंद करून लगेच नळी सोडवू लागले, तेव्हा तो ओरडला, "थांबा वहिनी! नळीत हवा कोंडून हाये. आधी गनचा खटका दाबा, काटा शून्यावर येऊ द्या, मंग हात लावा!"

पुढचे सगळे त्याच्याकडूनच शिकले. उरलेला रंग काढून घ्यायचा, थोडे थिनर घालून ते पंखा चालू ठेवून पत्र्याच्या डब्यात फवारायचे, मग पुढची टोपी, नोझल आणि सुई सोडवून मऊ ब्रशने घासायची. अख्खी गन थिनरमध्ये बुडवायची नाही, कारण आतले वॉशर फुगतात. नोझलचे छिद्र तारेने कोरायचे नाही. हातमोजे आणि मास्क काढायचे नाहीत. भिजलेल्या चिंध्या झाकणाच्या डब्यात टाकायच्या. आणि एक गोष्ट त्याने पुन्हा पुन्हा बजावली होती: "थिनरची वाफ वर नाही जात. खाली बसते अन् पाण्यासारखी सरपटत जाते. इथी बिडी तं सोडाच, मोबाईलचं चार्जर बी लावाचं नाही."

खंडेनवमीला आमच्याकडे सर्व हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी एकही वस्तू कळकट दिसता कामा नये, हा सासऱ्यांचा दंडक. गेल्या वर्षी त्या सकाळी पेंटरने गन तर धुतल्याच, शिवाय कॉम्प्रेसरची टाकी आणि फरशीवरचे रंगाचे जुने डागही थिनरने पुसून काढले. मी घरून पूजेचे ताट घेऊन रंगाच्या खोलीपाशी पोहोचले तेव्हा फरशी आरशासारखी दिसत होती. कॉम्प्रेसरपुढे लाल कपड्यावर गन मांडलेल्या होत्या, रांगोळी काढलेली होती आणि सासरे पाटावर बसले होते.

"पंखा बंद कर बे," ते पेंटरला म्हणाले, "दिवा इझते."

पेंटरने पंखा बंद केला आणि वारा येऊ नये म्हणून दारही लोटून घेतले. खोलीत शिरताच माझे डोळे चुरचुरू लागले होते. निरांजन ठेवायचे होते ते जमिनीवर, नुकत्याच पुसलेल्या त्या फरशीवर.

"भाऊ, वाफ..." मी हळूच म्हटले.

तो हसला. "काऊन घाबरता वहिनी? देवाचा दिवा हाये, बिडी थोडीच हाये? दर सालीच लावतो."

दर साली फरशीही थिनरने पुसलेली असायची का, हे मला विचारायचे होते.

"काय कुजबुज चालली?" सासरे म्हणाले. "माचिस दे, सुनबाई."

माचिस माझ्या ताटात होती. लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी नाही म्हटले नव्हते, आणि तेव्हाही तो शब्द तोंडातून निघेना. मी ताट उचलले, दार उघडले आणि चालू लागले.

"सुनबाई! ताट घेऊन कुठी चालली?"

अंगणात पलीकडे एक बिनरंगाची ट्रॉली उभी होती, तिच्याजवळ पोहोचल्यावरच मी वळले. "मामाजी, दिवा इथे लावू. आत थिनर आहे."

हे मी इतक्या हळू बोलले की दारात आलेल्या पेंटरला ते आत ओरडून सांगावे लागले. "वहिनी म्हणतात आत थिनर हाये!" आणि सांगता सांगता त्याचाच चेहरा उतरला. त्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला, पण बटणातही ठिणगी पडते हे आठवून त्याने तो मागे घेतला आणि दारे-खिडक्या सताड उघडल्या. "चाला बाबा, पहिले बाहेर चाला."

"अन् कॉम्प्रेसर का डोक्शावर घेऊन येऊ?" सासरे बाहेर येत कडाडले.

"त्याले वाफ गेल्यावर हळद-कुंकू लावू. थो समजून घेईन."

सासरे हसले नाहीत. ट्रॉलीच्या पत्र्यावर गन पुन्हा मांडल्या गेल्या. दिवा वाऱ्याने विझला, पुन्हा विझला, आणि दर वेळी त्यांनी माझ्याकडे पाहिले. अखेर मी पदराचा आडोसा केला तेव्हा आरती पुरी झाली. दुपारी, वास पूर्ण गेल्यावर, त्यांनी एकट्यानेच आत जाऊन कॉम्प्रेसरला हळद-कुंकू आणि झेंडूचे फूल वाहिले.

बाहेर आल्यावर खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "हे आधी सांगाचं असते, सुनबाई. ताट उचलून पळाचं नसते."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी हो म्हटले. ते त्यांना ऐकू गेले की नाही, ठाऊक नाही.