शेडमधला बोर्ड उत्तर देत नाही

भाग्येशने पुण्यात काही वर्षं इतरांचे इलेक्ट्रॉनिक बोर्ड दुरुस्त केले, मग स्वतःचा एक बनवून तो आपल्या गावी, प्रकाशाला, परतला. केळीच्या बागेतली मोटार आणि ठिबकचे व्हॉल्व्ह हा बोर्ड सांभाळायचा. शिवाय कुठेही बसून लॅपटॉपवरून त्याच्या पोटातला प्रोग्राम मध्येच थांबवायचा आणि ओळ न् ओळ तपासायची, अशी सोय होती. या गुणाचं भाग्येशला इतकं कौतुक की मुलगी बघायला गेल्यावरही त्याने तो सांगितला. मुलीकडच्यांनी कळवतो म्हटलं.

शहाद्याच्या इंद्रसिंगबापू गिरासेंना असे डझनभर बोर्ड हवे होते. ही पहिलीच ऑर्डर. हुकली, तर पुन्हा पुणं. बापूंना फुरसत पोळ्याला, म्हणून बोर्ड दाखवायचं ठरलं पोळ्याला. बापूंच्या ओट्यावर भाग्येशने लॅपटॉप उघडला. समोर शिंगं रंगवलेले बैल रवंथ करत होते.

स्क्रीनवर आलं : कनेक्शन टाइम आउट.

भाग्येशने नेट बदललं, पोर्ट बदलला. फायरवॉल बंद केली, म्हणजे किल्ली सापडेना म्हणून दारच काढून ठेवलं. बोर्ड गप्प.

"तुन्हा बोर्ड बोलत नही का रे भाऊ?" बापूंनी विचारलं.

भाग्येशने शेत बघणाऱ्या भिकुबाई काकीला फोन लावून स्पीकरवर टाकला.

"काकी, शेडमा हिरवा दिवा लागेल शे का?"

"कसा लागी? वायर मीच काढी."

"काब्र?"

"आज पोया शे ना भाग्या. बैल इकी टाकात, त्यास्नी जागावर हाऊच राबस. त्याले एक दिन सुटी नको?"

विकलेल्या बैलांऐवजी बोर्डालाच गेरूचे ठिपके लावून पुरणपोळी दाखवल्याचंही काकीने सांगितलं. भाग्येशने घाईने विचारलं,

"आंघोय घाली का त्याले?"

"येडा शे का? करंट बसी."

"काकी, वायर लाव. बापू बसेल शेतस."

बापूंनी लॅपटॉप मिटला. "पोयाना दिन तू त्याले जुपी ऱ्हायना व्हता?"

"बापू, तो बोर्ड आहे," भाग्येश घाबरून शाळेच्या मराठीत म्हणाला.

बापूंनी फोन हातात घेतला आणि काकीशी बराच वेळ बोलले. दोघांचं सगळ्यावर एकमत झालं. ऑर्डर पक्की, अट एकच : पोळ्याला बोर्डाने आपणहून थांबावं.

दुसऱ्या दिवशी भाग्येशने घरी बसून श्रावणी अमावास्या प्रोग्राममध्ये घातली आणि तपासायला बोर्डाची तारीख पुढच्या वर्षीच्या पोळ्यावर नेली. मोटार थांबली. त्याने आनंदाने काकीला फोन केला. तारीख आता मागे आणतो, म्हणाला.

"थांब," काकी म्हणाली. "पुढला सालनी सुटी त्यानी आजच ली टाकी ना? मंग पुढला पोयाले त्यानी राबानं."

भाग्येशने हे म्हणणं ओळ न् ओळ तपासलं. चूक सापडेना. त्याने बापूंना विचारलं.

बापू म्हणाले, "काकी बरोबर सांगी ऱ्हायनी. मन्हा बोर्ड तपासू नको. तसाच धाडी दे."

भाग्येशने डझनभर बोर्ड तसेच धाडले.